बाहेरची कडी

आमच्या घरमालकांना सगळं जुनं जालना येडं म्हणायचं, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी आम्हालाही तेच वाटलं. खोली दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी आधी दारावर टकटक केली, "आत येऊ का?" असं विचारलं, उत्तराची वाट पाहत थांबले आणि मगच पाऊल आत टाकलं. खोली रिकामी होती. घर त्यांचंच होतं. आत एक चूल, एक मोरी आणि भिंतीवर पाल. माझ्या मायनं पदर तोंडावर दाबला. अण्णांनी तिच्याकडं डोळे वटारले, कारण खोली शोधून शोधून ते रडकुंडीला आले होते. आम्ही तीर्थपुरीचे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, नुकतीच जालन्याला बदली झालेली. आडनाव सांगितलं की "अरेरे, कालच दिली बघा खोली" असं म्हणणारे लोक तेव्हा जालन्यात काही कमी नव्हते.

या माणसानं आडनाव विचारलंच नाही. त्यांचे प्रश्न दोनच. "रात्री झोप लागते का सगळ्यांना?" आणि "बाहेरून दाराला कडी लावायची सवय तर न्हाई ना?"

अण्णा म्हणाले, "मालक, कडी न्हाई लावली तं चोर येतील की."

"येऊ द्या. मी बसलेला असतो. आतून लावा, दहादा लावा. बाहेरून न्हाई. बिलकुल न्हाई."

तेव्हा कुठं आम्ही दारांकडं नीट पाहिलं. त्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. होत्या त्या त्यांनी स्वतः उपटून काढल्या होत्या आणि भोकं लांबी भरून बुजवली होती. येताना रस्त्यात अण्णा किती तरी दिवसांनी हसले. मायला म्हणाले, "येडा असंल तं असू दे. शहाण्यांनी तर समद्यांनी परत धाडलं ना आपल्याला!"

असं आम्ही त्यांच्या घरात राहायला गेलो. दुष्काळ नुकताच सरला होता. मी सातवीत आणि माझा भाऊ मिलिंद अकरावीला. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची.

मालक एकटेच होते. लग्न नाही, कार्य नाही. साठीच्या आसपासचे, उंच, गोरे, पटका बांधायचे आणि पायात मात्र कायम फाटके कॅनव्हासचे बूट. पुढच्या दाराशी त्यांची बाज असायची, तिच्यावर बसून दिवसभर उर्दू वर्तमानपत्र वाचायचे, तेही शिळं. भाडेकरू बाहेर गेले की घराची राखण त्यांच्याकडं. त्यामुळं ते स्वतः कुठंच जात नसत. लग्न नाही, मयत नाही, बाजार नाही. एकदा ते परसाकडं गेले तेवढ्यात कुणीतरी शेजारच्या खोलीतल्या मुनीमकाकूंची पितळी घागर लांबवली. काकू तेलमिलच्या मुनिमाची बायको, तोंडाची तोफ. त्यांनी असा काही शिमगा केला की गल्ली गोळा झाली. मालकांनी खाली मान घालून ऐकलं, मग स्वतःच्या खोलीच्या दारावर टकटक केली, आत गेले आणि आपली घागर आणून काकूंच्या उंबऱ्यावर ठेवली. काकूंनी ती घागर कधीच वापरली नाही. येड्याच्या घागरीतलं पाणी पिऊन आपलंही डोकं फिरेल असं त्यांना वाटायचं. परतही दिली नाही म्हणा.

सकाळची त्यांची एक तऱ्हा होती. उजाडलं की अंगणाच्या मधोमध उभं राहायचं, हात मागं बांधायचे आणि शाळेत हजेरी दिल्यासारखं मोठ्यानं म्हणायचं, "आज सोमवार. मी अमुक अमुक," इथं स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं नाव पुरतं घ्यायचं, "जालन्यात हाये. बरा हाये." मग एक खोल श्वास, आणि तोंड धुवायला मोरीवर. पाऊस असो, थंडी असो, एक दिवस चुकला नाही. मी आणि मुनीमकाकूंची पोरं मागं उभं राहून नक्कल करायचो. ते वळून बघायचे आणि म्हणायचे, "बराबर म्हणा. वार चुकला तुमचा." रागावणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि भेटेल त्याला तो एकच प्रश्न. लोक विचारतात, जेवलास का? चहा झाला का? हे विचारायचे, "झोप लागली का?" दूधवाल्याला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे. पोस्टमन एकदा वैतागून म्हणाला, "मालक, तुम्ही झोपेचं दुकान काढून राह्यले का?" मालक म्हणाले, "न्हाई बाबा. माझंच दिवाळं निघालं होतं एकदा, म्हणून विचारतो."

मुनीमकाकूंनी मायला सांगून टाकलं होतं. कुंभार पिंपळगावच्या मोठ्या पाटलाचं हे धाकटं पोर. तरणेपणी डोकं फिरलं. निजामाच्या राज्यात येड्यांचा सरकारी दवाखाना जालन्यातच होता, त्यात हे होते. बरे होऊन निघाले तर भावांनी गावात घेतलं नाही, हे घर नावावर करून दिलं आणि इथंच ठेवलं. पुढं निजाम गेला, दवाखानाही हैदराबादला हलला. जालन्याला उरले ते हे एकटे. भाऊ वर्षातून एकदा ज्वारीची पोती टाकायला यायचे, ते बैलगाडीवरून खालीसुद्धा उतरायचे नाहीत.

अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "असंल. आपल्याला काय करायचं? माणूस देवासारखा हाये." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण देव मानत नाही, आणि ते म्हणाले, "माणूस माणसासारखा हाये."

आता दादाचं सांगते.

छप्पन साली आमच्या वस्तीनं धर्म बदलला, त्यानंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं पोर म्हणजे माझा दादा. मिलिंद हे नावच वस्तीत तोवर कुणाला नव्हतं. आजीला ते धड म्हणता यायचं नाही, तरी ती ज्याला त्याला सांगत फिरायची. दादा चौथीत तालुक्यात पहिला आला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन वस्तीनं मिरवणूक काढली होती. मॅट्रिक, मग कॉलेज, मग डॉक्टर, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. दादाला कुणी विचारलं नव्हतं. सुट्टीत गावी गेलं की म्हातारी माणसं त्याच्या हाताला हात लावून बघायची. तो ओशाळून हसायचा. फार गोड हसायचा हो माझा दादा.

दिवाळी झाली आणि त्याची झोप गेली. हे आधी कुणाला कळलं असेल, तर मालकांना. रोज सकाळी त्यांचा प्रश्न असायचाच. "मिलिंद, झोप लागली का?" दादा म्हणायचा, "न्हाई लागली." दुसऱ्या दिवशी, "न्हाई." आठवडाभर "न्हाई." आम्हाला वाटायचं, अभ्यास करतोय. अण्णा तर खूष होते. मालक एका सकाळी अण्णांची सायकल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं झोपून न्हाई राह्यलं."

"मॅट्रिकचं वर्ष हाये मालक."

"झोपला न्हाई तं वर्ष कुठलं अन् मॅट्रिक कुठली? ही झोप मला म्हाईत हाये. ही अशी जाते अन् मागून माणूस बी जाते."

अण्णा हसले आणि शाळेला निघून गेले.

मग दादा कुजबुजत बोलायला लागला. मी विचारलं, "असा का बोलून राह्यला रे?" तर कानाशी येऊन म्हणाला, "हळू. माझ्या डोक्यातलं समद्यांना ऐकू येतंय. वर्गात सर तेच बोलतेत, जे माझ्या डोक्यात चालू असतंय." मला वाटलं, थट्टा करतोय. त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, तर थट्टा नव्हती. जेवण सुटलं. अंघोळ सुटली. शाळेच्या चाचणी परीक्षेत पेपर अर्धा टाकून उठला आणि दिवसभर स्टेशनवर बसून राहिला. अण्णांनी तिथून आणला.

मालक हट्टाला पेटले म्हणून अण्णा त्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. मालकही बरोबर गेले. घर सोडून बाहेर पडलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दवाखान्याच्या दारावरही त्यांनी टकटक केली म्हणे, आणि कंपाउंडर त्यांच्यावर खेकसला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं जीभ बघितली, पोट दाबलं, म्हणाला, "अशक्तपणा आहे. वाढतं वय आहे. टॉनिक देतो." मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याला आवाज येऊन राह्यले." डॉक्टरनं चष्म्यावरून मालकांकडं बघितलं. सगळं गाव त्यांना ओळखत होतं. डॉक्टर अण्णांना म्हणाला, "गुरुजी, पोराला यांच्या फार संगतीत ठेवू नका."

झालं! टॉनिकची बाटली घेऊन तिघं परत आले. लाल रंगाचं होतं टॉनिक. दादा गुपचूप प्यायचा.

शाळेतून विचारणा व्हायला लागली, गावाकडून निरोप यायला लागले, तेव्हा अण्णांनी सांगून टाकलं की मिलिंदला कावीळ झालीय. मुनीमकाकूंना तेच, शाळेत तेच, तीर्थपुरीला तेच. लोक किती चांगले असतात, तुम्हाला सांगते! दार वाजतच राहिलं. कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळ्याचा पाला. मुनीमकाकू नव्या जालन्यातल्या कुणाकडून काविळीची माळ घेऊन आल्या. बारक्या काड्यांची असते ती माळ, आधी डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. दादाच्या डोक्यावर त्यांनी ती स्वतःच्या हातानं ठेवली. आमच्या घरात असलं काही चालत नव्हतं. अंगारा, गंडा, भगत, सगळं धर्म बदलताना सोडलेलं. पण तेव्हा अण्णा गप्प बसले. आजार खोटा असला की त्याच्यावरचा उपाय नाकारता येत नाही.

दादा माळ घालून भिंतीला टेकून बसायचा. एक दिवस त्यानं मायला आरसा मागितला. डोळ्याखालची कातडी ओढून ओढून बघितलं आणि म्हणाला, "माय, पिवळे तर दिसत न्हाईत. मला खरंच कावीळ झालीया का?"

माय म्हणाली, "व्हय लेकरा. कावीळच हाये. उतरंल."

तो म्हणाला, "बरं."

त्याच संध्याकाळी मालकांनी आमच्या दारावर टकटक केली. "आत येऊ का?" माय म्हणाली, या. एरवी ते उंबऱ्याच्या आत येत नसत. त्या दिवशी आले आणि अण्णांसमोर खाली जमिनीवर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "गुरुजी, मी अठराचा होतो. आमच्या लोकांनी मला कडब्याच्या खोलीत घातलं अन् बाहेरून कडी लावली. एक उन्हाळा गेला, पाऊस गेला, दुसरा उन्हाळा आला. भाकर खिडकीतून टाकायचे. मी कोण हाये, कुठं हाये, सगळं गेलं माझं. मंग एक मामा होता, त्यानं भांडून इथल्या दवाखान्यात आणलं. तिथं बी काही गोड नव्हतं. पण एक डॉक्टरसाहेब होते. रोज सकाळी दारावर टकटक करायचे, येड्याच्या दारावर! आत येऊ का विचारायचे. अन् मंग म्हणायचे, आज वार कोणता? तू कोण? कुठं हायेस? बरा हायेस का? मी वार चुकलो तरी रागावले न्हाईत. दोन वर्षांनी मी बराबर सांगितलं."

रोज सकाळी ज्याची नक्कल करायचो ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

"तो दवाखाना आता हैदराबादला हाये. गाडी आपल्या स्टेशनावरून जाते. मी नेतो मिलिंदला. तिथली भाषा मला येते. मी त्याच्याजवळ राहीन. घराला काय होतंय? चोर नेतील तं नेऊ द्या."

अण्णांनी दार पुढं लोटलं. मग म्हणाले, "मालक, तुम्ही पाटलाघरचे. तुम्ही येडे झाले तं एक माणूस येडा झाला. माझं पोरगं येडं झालं म्हणून कळलं, तं लोक म्हणतील, बघा, ह्यांनी शिकायला घेतलं अन् डोकी फिरली. बाहेरचे म्हणतील त्याचं मला काही न्हाई. आमचीच माणसं म्हणतील. वस्तीतली माय पोराची पाटी हिसकून घेईल. पहिलंच पोरगं हाये हो हे. ह्याच्या मागं साठ पोरं उभी हायेत."

मालकांनी मान हलवली. त्यांना ते समजलं, हे दिसत होतं. ते म्हणाले, "तुमचं खरं हाये गुरुजी. पण हे मरून राह्यलं ना."

"परीक्षा होऊ द्या," अण्णा म्हणाले.

परीक्षेला दादा बसूच शकणार नव्हता, हे मलासुद्धा दिसत होतं. अण्णांना दिसत नसेल का? पण "परीक्षा होऊ द्या" याच्यापलीकडं बोलायला त्यांच्याजवळ काही नव्हतंच. डॉक्टर नाही, देव नाही, भगत नाही. जुनं सोडलेलं आणि नवं अजून जालन्यापर्यंत पोचायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात दादा भर दुपारी घरातून निघून गेला. रुळांवरून चालत होता, अंगावर शर्ट नाही, गळ्यात उतरलेली माळ. गँगमननं धरून ठेवला म्हणून वाचला. अण्णांनी त्याला घरी आणलं, आत बसवलं, आणि बाजारातून एक लोखंडी कडी-कोयंडा घेऊन आले. हातोडीही आणली. आमच्या खोलीच्या दाराला बाहेरून ती कडी ठोकायला लागले.

पहिल्या घावाला मालक बाजेवरून उठले. अंगण ओलांडून आले. अण्णांच्या हातोडीला हात लावायचीही त्यांची हिंमत झाली नाही. "गुरुजी, ह्या घरात नका. माझ्या घरात नका हो," एवढंच म्हणत राहिले. दर घावाला त्यांचे डोळे मिटत होते. कडी बसली तसे ते तिथंच अंगणात खाली बसले, लहान पोरासारखे, गुडघ्यात डोकं घालून.

दुसऱ्या सकाळी अंगणात हजेरी झाली नाही. मी उठून बघितलं तर मालक मधोमध उभे होते, हात मागं बांधलेले, तोंड उघडं, आणि वार आठवत नव्हता. मुनीमकाकू आपल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या, "आज गुरुवार हाये मालक." ते म्हणाले, "असं? मेहरबानी." आणि तोंड न धुताच बाजेवर जाऊन बसले.

अण्णा शाळेत गेले की मालक पक्कड घेऊन यायचे आणि कडी काढून ठेवायचे. अण्णा संध्याकाळी पुन्हा ठोकायचे. दोघंही एकमेकांशी शब्द बोलत नसत. असं काही दिवस चाललं आणि अण्णांनी घर बदललं. नदीपलीकडं एका जिनिंगच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. कापसाचा मोसम होता. यंत्रं दिवसभर धडधडत असायची आणि त्या आवाजात दादाचं ओरडणं कुणाला ऐकू जायचं नाही. अण्णांनी ती जागा घेतलीच त्याच्यासाठी होती. मागच्या खोलीत दादा. तिच्या दाराला बाहेरून कडी.

तिथं मालक येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. एक दिवस दुपारी आले. पायी आले होते, कापसाचे पुंजके पटक्याला चिकटलेले. मायनं विचारलं, "घराजवळ कोण हाये मालक?" म्हणाले, "कुणी न्हाई. उघडं टाकून आलो."

ते सरळ मागच्या दाराशी गेले. कडी लावलेली. कडीकडं त्यांनी बघितलं नाही. दारावर टकटक केली. "मिलिंद, आत येऊ का?"

उत्तर नाही. ते थांबले. माय म्हणाली, "मालक, तो बोलत न्हाई. लई दिवस झाले. मी काढते कडी." त्यांनी हातानं तिला थांबवलं. यंत्रं धडधडत होती. मालक दाराला कान लावून तसेच उभे राहिले. माझे पाय दुखले उभं राहून. मग आतून दादाचा आवाज आला, बारीक, घोगरा.

"या."

मायनं तोंडात पदर कोंबला आणि कडी काढली. ते आत गेले. आता दार उघडंच राहिलं होतं आणि माय दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी. दादा पळाला तर? अण्णांनी बजावून ठेवलं होतं. मालकांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाले, "बेटा, कडी लाव."

मी म्हटलं, "मालक, तुम्ही आत हायेत."

"हां. लाव. मी हाये त्याच्यासंग."

मी कडी लावली. मग मालकांचा आवाज, थरथरणारा, पण मोठा. "आज मंगळवार." मग स्वतःचं नाव, वडिलांचं, घराण्याचं. "जालन्यात हाये. बरा हाये." आणि मग, "आता तू म्हण."

दादा म्हणाला, "आज मंगळवार." थांबला. "मी मिलिंद. जालना." पुन्हा थांबला. यंत्राची धडधड चालूच. मग तो म्हणाला, "मी बरा न्हाई."

"बराबर," मालक म्हणाले. "हे एकदम बराबर बोललास बेटा."

आणि माझा दादा रडायला लागला. ओरडणं नाही, फेकाफेकी नाही, साधं रडणं, माणसासारखं. माय दाराला कपाळ लावून बाहेर रडली. इतक्या दिवसांत त्याला कुणी मी बरा नाही असं म्हणू दिलं नव्हतं. त्याला कावीळ झाली होती ना!

मग मालक रोज यायला लागले. रोज टकटक, रोज "आत येऊ का?", रोज कडी लावून घ्यायची. दादा थोडं खायला लागला. अण्णांना मायनं सांगितलं तसे ते एक दिवस शाळेतून लवकर आले आणि मालकांना बाहेर गाठलं. मालक म्हणाले, "गुरुजी, पोरगं स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यलं, बरा न्हाई म्हणून. आता जल्दी करा. माझ्याच्यानं एवढंच होतंय, पुढचं दवाखान्याचं काम हाये." अण्णा म्हणाले, "होळीनंतर बघू." ते "बघू" म्हणाले, नाही म्हणाले नाहीत. मी स्वतः ऐकलं.

होळीच्या आधीच मालक यायचे थांबले.

मुनीमकाकू बाजारात मायला भेटल्या तेव्हा कळलं. येडा पुन्हा बिघडला, घर सताड उघडं टाकून भर उन्हात नदीपलीकडं हिंडतो, कुणाच्या तरी बंद खोलीत जाऊन बसतो, असं गल्लीनं कुंभार पिंपळगावला कळवलं. चोरीही झाली होती एक. भाऊ आले, या वेळेला गाडीतून उतरले, आणि मालकांना घेऊन गेले. काकूंनी सांगितलं, जाताना ते गाडीतून ओरडत होते की मला मंगळवारी एका ठिकाणी जायचं हाये. लोक हसले. त्या दिवशी मंगळवारच होता.

त्या घराला आता प्रत्येक दाराला बाहेरून कड्या बसल्या, असंही काकू म्हणाल्या. बरं झालं बाई, जिवाला घोर होता, म्हणाल्या.

दादाची परीक्षा गेली. पावसाळा गेला. दादा रोज सकाळी आतून म्हणायचा, "आज मंगळवार. मी मिलिंद. जालना. बरा न्हाई." रोज मंगळवारच. तो थांबायचा, कुणीतरी "बराबर" म्हणेल म्हणून. माय म्हणून बघायची, पण त्याला तो आवाज चालायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा एसटीत बसून कुंभार पिंपळगावला गेले. का, ते त्यांनी मायला सांगितलं होतं. हैदराबादला कुठं उतरायचं, कुणाला भेटायचं, काय बोलायचं, हे विचारायला. शेवटी ते तयार झाले होते. मायनं दादाचा धुतलेला शर्ट काढून ठेवला होता.

अण्णा संध्याकाळी परत आले आणि चपला न काढता बसून राहिले. मायनं पाणी दिलं. विचारलं, "कसे हायेत मालक?"

"कडी हाये," अण्णा म्हणाले.

चपला काढत ते म्हणाले, "मला वळखलं न्हाई. मी टकटक केली, आत येऊ का विचारलं. वार विचारला. स्वतःचं नाव सांगता आलं न्हाई त्यांना." मग मायकडं बघून म्हणाले, "तिथूनच बरे होऊन आल्ते ना ते? मंग? काय झालं त्या दवाखान्याचं?"

मी तेव्हा आठवीतली पोर. चाळीस वर्षं तो माणूस धडधाकट जगला, घर राखलं, आम्हाला खोली दिली, आणि पुन्हा कडी लावली म्हणून गेला, हे मला आज सांगता येतं. तेव्हा ते सांगणारं जालन्यात कुणी नव्हतं. हैदराबादची गाडी रोज शिट्टी मारून आमच्या स्टेशनावरून जात राहिली आणि अण्णांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही.

एक सांगितलं पाहिजे. वस्तीतल्या कुणी पाटी हिसकून घेतली नाही. पोरं शिकली, मास्तर झाली, इंजिनिअर झाली, एक खरंच डॉक्टर झाला. मिलिंदला मॅट्रिकच्या वर्षी कावीळ डोक्यात गेली, असं ती अजून म्हणतात. अण्णांना जे वाचवायचं होतं ते त्यांनी वाचवलं.

कुंभार पिंपळगावहून आले त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पक्कड घेतली आणि दादाच्या दाराची कडी काढली. खिळे काढले, कोयंडा काढला. दार उघडलं आणि बाजूला झाले. उजेड आत गेला. दादा भिंतीशी बसला होता. आम्ही तिघं वाट बघत होतो. तो उठला, दारापर्यंत आला, बाहेर बघितलं, आणि दार स्वतःच्या हातानं लोटून घेतलं.

"माय," तो आतून म्हणाला, "कडी लाव."

"न्हाई रे बाळा. आता कडी न्हाई. ये तू बाहेर."

"कडी लाव ना. मालक येत न्हाईत मंग."

तो दारावर आतून थापा मारायला लागला. कडी लाव, कडी लाव. अण्णा पक्कड हातात घेऊन तसेच उभे. तेव्हा मायनं डोळे पुसले, पुढं झाली, आणि कडी नव्हती म्हणून बाहेरून दोन्ही हातांनी दार ओढून धरून उभी राहिली.